पन्नाबाबूंची करंगळी

हाताचा पंजा लहान असेल तर मोठे वाद्य वाजवता येत नाही, ही समजूत गिटार शिकणाऱ्या मुलांच्या घरी जितकी ऐकू येते, तितकीच बासरीच्या वर्गातही ऐकू येते. बासरीच्या वर्गात तिच्या जोडीला आणखी एक हकीकत सांगितली जाते. पंडित पन्नालाल घोष यांनी म्हणे मोठ्या बासरीच्या छिद्रांवर बोटे पोहोचावीत म्हणून बोटांच्या बेचक्यातली कातडी डॉक्टरकडून कापून घेतली होती. ऐकणारा आधी थक्क होतो. मग एखाद्या हौशी विद्यार्थ्याच्या मनात येते की आपणही असे काही करावे का? निदान बोटे दुसऱ्या हाताने ओढून रुंद करावीत का? या प्रश्नाचे उत्तर पन्नाबाबूंच्या आयुष्यात आहे आणि हाताच्या रचनेतही आहे. दोन्ही एकत्र पाहिले, तर कातडी कापण्याची हकीकत फार छोटी वाटू लागते.

आखाड्यातला मुलगा

पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ च्या जुलै महिन्यात पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ नाव अमलज्योती. पन्नालाल हे घरातले नाव पुढे जगभर झाले. वडील अक्षयकुमार घोष सतारवादक होते, त्यामुळे संगीताचे पहिले धडे घरातच मिळाले आणि तेही सतारीवर. धाकटे बंधू निखिल घोष पुढे नामवंत तबलावादक झाले आणि त्यांनी मुंबईत ‘संगीत महाभारती’ ही संस्था उभी केली.

बारिसाल हा नद्यांचा आणि खाड्यांचा मुलूख. तिथे बासरी हे गुराख्याचे, नावाड्याचे वाद्य होते. हातभर लांबीची, उंच आवाजाची, लोकगीताच्या साथीला शोभणारी ही बासरी मैफलीत तास-दीड तास राग मांडण्याचे साधन आहे, असे तेव्हा कोणी मानत नव्हते.

त्या काळच्या बंगालमधल्या अनेक तरुणांप्रमाणे पन्नालालही व्यायामशाळेत जात. त्यांनी मुष्टियुद्ध शिकून त्यात प्रावीण्य मिळवले. स्वातंत्र्य चळवळीकडेही ते ओढले गेले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते कोलकात्याला आले ते पोटापाण्यासाठी, कमावलेले शरीर आणि एक बासरी सोबत घेऊन.

मुष्टियोद्ध्याचा हात आणि बासरीवाल्याचा हात यांच्या सवयी अगदी उलट असतात. मुष्टियुद्धात बोटे घट्ट मिटलेली, मनगट ताठ, सगळी शक्ती एका ठोशात. बासरीत बोटे उघडी, एकमेकांपासून अलग आणि प्रत्येकाची हालचाल स्वतंत्र. जोर जवळजवळ शून्य. छिद्र झाकायला लागणारा दाब अगदी थोडा असतो. नवशिके मात्र बासरी पडेल या भीतीने तिला आवळून धरतात, आणि आवळलेली बोटे फाकत नाहीत. आखाड्याने पन्नाबाबूंना दमदार छाती आणि ताठ बसण्याची सवय दिली. बोटे सैल सोडण्याची सवय त्यांना वेगळी कमवावी लागली असणार.

आवाज खाली आणायचा, तर नळी लांब

कोलकात्यात पन्नालाल यांना चित्रपटसंगीताचे काम मिळाले. न्यू थिएटर्सच्या वाद्यवृंदात ते संगीतकार रायचंद बोराल यांच्या हाताखाली वाजवू लागले. शास्त्रीय शिक्षणासाठी त्यांनी हार्मोनियमवादक खुशी महंमद खाँ यांचे शिष्यत्व घेतले आणि पुढे गायक गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे ते शिकले. दोन्ही गुरूंपैकी कोणीही बासरीवादक नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ख्याल गायकीत जे ऐकू येते ते सगळे, म्हणजे खर्जातला संथ आलाप, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी लांब मींड, आवाजाचे वजन, बांबूच्या नळीतून काढायचे होते. हातातल्या छोट्या बासरीत ते नव्हते.

इथे भौतिकशास्त्राचा साधा नियम आड येतो. बासरीचा स्वर नळीतल्या हवेच्या स्तंभाच्या लांबीवर ठरतो. स्तंभ जितका लांब, तितकी कंपने कमी आणि स्वर खालचा. स्वर एक संपूर्ण सप्तक खाली आणायचा, तर लांबी साधारण दुप्पट करावी लागते. लांबी वाढली की छिद्रांमधली अंतरेही त्याच प्रमाणात वाढतात. नळी जाड होते, छिद्रे मोठी होतात. सोळा इंची बासरीवर आरामात बसणारी बोटे बत्तीस इंची बासरीवर ताणावी लागतात. त्यातही एखादे छिद्र केसभर उघडे राहिले, तरी खर्जाचा स्वर फुटतो. वरचे स्वर थोडी गळती सहन करतात, खालचे करत नाहीत.

१९३० च्या दशकात पन्नाबाबूंनी या प्रश्नावर प्रयोग सुरू केले. वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या त्यांनी वाजवून पाहिल्या. बांबूखेरीज धातूच्या नळ्याही तपासल्या. अखेर ते बांबूवरच परतले आणि सुमारे ३२ इंच लांबीची बासरी त्यांनी मैफलीसाठी ठरवली. आज मैफलीत दिसणारी मोठी बासरी या प्रयोगांतून रूढ झाली. १९३८ मध्ये सराइकेला संस्थानच्या छाऊ नृत्यपथकाबरोबर ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. तिथे त्यांच्या बासरीने परक्या श्रोत्यांसमोर पाय रोवले.

हाताची वेस कुठे असते?

बत्तीस इंची बासरीपुढे हात का अडतो, हे समजायला पंजाची रचना पाहावी लागेल. बोटे मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारखे स्नायुबंध, म्हणजे टेंडन, मनगटातून बोटांपर्यंत जातात. बोटे फाकवण्याचे काम मात्र तळहाताच्या हाडांमध्ये बसलेले छोटे स्नायू करतात. त्यांना चालवणारी अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तीच ही नस.

बोटे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, हे एका साध्या प्रयोगाने कळते. तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट दुमडून तळहाताखाली घ्या. आता एकेक बोट उचला. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उचलतील. अनामिका जागची हलणार नाही. हाताच्या मागच्या बाजूला अनामिकेचा स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या स्नायुबंधांशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो. मधले बोट दुमडले की या पट्ट्या अनामिकेलाही अडवतात. हा दोष नव्हे. घट्ट पकड घेताना बोटांनी एकत्र काम करावे, यासाठी ही जोडणी आहे.

दुसरा प्रयोग ताणाचा. हात सरळ धरून बोटे जास्तीत जास्त फाकवा. मग बोटांच्या मुळाशी, म्हणजे पंजाच्या उंचवट्यांपाशी, काटकोन करा आणि पुन्हा फाकवून पाहा. बोटे जवळजवळ फाकणारच नाहीत. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध बोट वाकले की ताठ होतात, सरळ असताना सैल राहतात. म्हणून मोठी बासरी वाजवणारे वादक बोटे चपटी ठेवतात आणि अनेकदा अग्राऐवजी मधल्या पेराच्या मांसल भागाने छिद्र झाकतात. हाताची लांबी तीच राहते, पण पोहोच वाढते. गिटारवरही हेच घडते. डाव्या हाताची बोटे मुळाशी फार वाकवली, तर ती फाकत नाहीत. मनगट थोडे पुढे आणून मुळाचा सांधा सरळ केला की तेच बोट पुढच्या पडद्यावर पोहोचते.

आता कातडीचा प्रश्न. दोन बोटांच्या बेचक्यात जी कातडी दिसते, तिच्याखाली तंतूंची पट्टी असते. त्याहून खोल एक भक्कम आडवा अस्थिबंध तळहाताची चार हाडे टोकाशी एकमेकांना बांधून ठेवतो. बोटे किती फाकतील हे मुख्यतः हाडांची लांबी, सांध्याचे अस्थिबंध आणि हा खोल पट्टा ठरवतात. वरची कातडी त्यातला अगदी लहान हिस्सा आहे.

सातवे छिद्र

पन्नाबाबूंचे खरे साहस करंगळीत होते. पारंपरिक बासरीला फुंकेचे छिद्र सोडून बोटांची सहा छिद्रे असतात. वरची तीन झाकली की षड्ज, सहाही झाकली की मंद्र पंचम आणि सहाही उघडी ठेवली की तीव्र मध्यम. म्हणजे मध्यमावरून पंचमावर जाताना सगळी उघडी बोटे एकदम झाकावी लागतात आणि फुंकही बदलावी लागते. गळा जिथे मींड घेत सहज सरकतो, तिथे बासरीत खंड पडतो. मंद्र पंचमाखालचा तीव्र मध्यमही सहा छिद्रांत मिळत नाही. बिहाग किंवा यमन गाऊन पाहणाऱ्याला ही अडचण लगेच कळेल.

पन्नाबाबूंनी तळाशी सातवे छिद्र पाडले आणि ते उजव्या हाताच्या करंगळीकडे सोपवले. ते झाकले की पंचमाखालचा तीव्र मध्यम मिळतो. करंगळी हळूहळू उचलली की मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये पूल तयार होतो.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही निवड धाडसाची आणि तितकीच शहाणपणाची होती. करंगळी सर्वांत आखूड आणि दुबळी. तिला सर्वांत लांबचे छिद्र द्यायचे, म्हणजे संकटाला निमंत्रण. पण करंगळीकडे दोन जमेच्या बाजू आहेत. तिला बाहेर फाकवणारा स्वतःचा वेगळा स्नायू तळहाताच्या कडेला असतो. शिवाय तिच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड मनगटापाशी बरेच हलते, तर तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडे तिथे जवळजवळ पक्की बसलेली असतात. ओंजळ करताना तळहाताची करंगळीकडची बाजू आत वळते, ती याच हालचालीमुळे. आज मोठ्या बासऱ्या बनवणारे कारागीर काही छिद्रे एका रेषेत न पाडता बोटाच्या कलाने थोडी बाजूला पाडतात. त्या काही मिलिमीटरमुळे जे साधते, ते वर्षभर बोटे ओढूनही साधत नाही.

कापण्याची हकीकत

बेचक्यातल्या शस्त्रक्रियेची हकीकत बासरीवादकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती जशी सांगितली जाते तशीच खरी मानली, तरी तिने किती साधले असेल? कातडी कापून बेचके थोडे खोल केले, तर बोट लांब दिसते. पण खालचा अस्थिबंध आणि हाडे जागेवरच राहतात. मिळणारी जागा थोड्या मिलिमीटरांची. दुसऱ्या बाजूला प्रत्येक जखम भरताना व्रण धरते आणि व्रण आकसतो. बेचक्यातला सरळ व्रण आकसला, तर बोटे आधीपेक्षाही जवळ ओढली जाऊ शकतात. जन्मतः जोडलेली बोटे वेगळी करणारे शल्यविशारद म्हणूनच नागमोडी छेद घेतात आणि गरजेप्रमाणे कातडीचे रोपण करतात. बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा आणि रक्तवाहिन्या बेचक्यापाशीच दोन फाटे घेतात. तिथे इजा झाली, तर बोटाच्या कडेची संवेदना जाते. वादकाला छिद्राची कड कळते ती याच संवेदनेने. जोडलेली बोटे, भाजल्यानंतरचा आकस किंवा अपघाताचा व्रण, अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया करतात. निरोगी हातावर ती करण्याचे वैद्यकीय कारण नाही.

पाश्चात्त्य संगीतात हा मोह आधी होऊन गेला आहे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान (१८१०–१८५६) तरुणपणी पियानोवादक होण्यासाठी धडपडत होता. बोटे बळकट आणि स्वतंत्र करण्यासाठी त्याने एका यांत्रिक साधनाचाही आधार घेतला. उजव्या हाताचे मधले बोट निकामी होत गेले आणि १८३२ च्या सुमारास त्याने मंचावर वाजवण्याचा नाद सोडला. तो संगीतरचनेकडे वळला आणि त्यात थोर ठरला. बोट मात्र परत आले नाही. आजचे काही मज्जातज्ज्ञ त्याच्या आजाराला ‘फोकल डिस्टोनिया’ मानतात. या विकारात अतिरेकी सरावाने मेंदूतला बोटांचा नकाशा पुसट होतो आणि वाजवताना बोट आपोआप आत वळते. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८८० च्या दशकात, अमेरिकेत फिलाडेल्फियाचे शल्यविशारद विल्यम फोर्ब्स यांनी पियानोवादकांच्या अनामिकेच्या त्या आडव्या पट्ट्या कापून बोट ‘मोकळे’ करण्याची शस्त्रक्रिया केली. काही काळ तिची चर्चा झाली. पियानोच्या शिक्षणात ती टिकली नाही.

पन्नाबाबूंची हकीकत या दोघांच्या शेजारी ठेवली की फरक कळतो. त्यांचे यश शस्त्रक्रियेवर उभे नव्हते. वाद्याची लांबी, नळीची जाडी, छिद्राची जागा, बोटाची ठेवण या सगळ्या गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षे बदलून पाहिल्या आणि हाताला त्या वाद्याकडे हळूहळू नेले.

मालाड ते दिल्ली

१९४० मध्ये पन्नाबाबू मुंबईत आले. त्याच वर्षी ‘स्नेहबंधन’ या चित्रपटाचे संगीतकार म्हणून त्यांचे नाव पडद्यावर आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा १९४२ चा ‘बसंत’ गाजला. पुढे मधुबाला म्हणून ओळखली गेलेली लहानगी मुमताज याच चित्रपटात प्रथम दिसली. पन्नाबाबूंच्या पत्नी पारुल घोष या त्या काळच्या नामवंत पार्श्वगायिका आणि संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी. घरात गाणे होते, स्टुडिओत काम होते, नाव होते. एवढ्यावर थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता.

पण १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिशीत, ते मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. या वयात गुरूपुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसायचे, म्हणजे पक्क्या झालेल्या सवयी मोडायच्या. शरीराच्या बाजूने पाहिले तर हे अवघड आहे, अशक्य नाही. बोटांची हाडे वाढणे किशोरवयातच थांबते. स्नायुबंधांची लवचीकता वयानुसार हळूहळू कमी होते. पण मेंदूची नवी हालचाल शिकण्याची क्षमता मोठेपणीही टिकते. अट एकच, सराव संथ, रोजचा आणि लक्ष देऊन केलेला हवा. वेगाने केलेली चूकही मेंदू तितक्याच इमानाने शिकतो.

१९५२ च्या ‘आंधियाँ’ या चित्रपटाच्या संगीतात अली अकबर खाँ आणि रविशंकर यांच्याबरोबर पन्नाबाबूंची बासरी होती. १९५६ च्या ‘बसंत बहार’मध्ये लता मंगेशकर यांच्या एका गाण्याला त्यांच्या बासरीची जी साथ आहे, ती आजही रेडिओवर लागली की माणसे हातातले काम थांबवतात. त्याच वर्षी ते आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून दिल्लीला गेले. ‘कलिंग विलास’सारख्या वाद्यवृंद रचना त्यांनी तिथे केल्या. दीपावली, चंद्रमौळी, पुष्पचंद्रिका, नूपुरध्वनी हे नवे रागही त्यांच्या नावावर आहेत.

२० एप्रिल १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. तरुणपणी कमावलेले शरीर हृदयविकारापासून आयुष्यभराचे संरक्षण देत नाही. रक्तदाब, साखर आणि चरबी यांची तपासणी पैलवानालाही लागते, एवढे त्यांच्या चाहत्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

बासरी पुढे कशी गेली

पन्नाबाबूंची वादनपद्धती त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी पुढे नेली. मुर्डेश्वरांकडून ती केशव गिंडे यांच्यामार्फत पुण्यात आली. गिंडे यांनी बासरीच्या रचनेवर स्वतःचे प्रयोग करून ‘केशव वेणू’ घडवली. या परंपरेत करंगळीचे सातवे छिद्र टिकून आहे. दुसरीकडे हरिप्रसाद चौरसिया सहा छिद्रांच्याच मोठ्या बासरीवर वाजवत आले. मध्यम-पंचमाचा प्रश्न त्यांनी फुंक आणि बोटे यांच्या मेळातून सोडवला. एकाच अडचणीची दोन उत्तरे, आणि दोन्ही मैफलीत सिद्ध झालेली. करंगळी पोहोचत नाही म्हणून कोणाची बासरी संपत नाही.

लहान पंजाचे काय करावे?

वाघोलीसारख्या झपाट्याने वाढलेल्या उपनगरात आज मुलांना गिटार, कीबोर्ड, बासरी असे काहीतरी शिकायला घालणारी घरे पुष्कळ आहेत. मुलाचा पंजा लहान आहे म्हणून क्लास बंद करण्याआधी आणि बोटे ताणण्याची यंत्रे मागवण्याआधी वाद्याकडे पाहावे.

बासरीत छोट्या बासरीपासून सुरुवात करावी आणि बोटे सैल ठेवून सगळी छिद्रे नीट झाकता येऊ लागली की एकेक पायरी मोठी घ्यावी. वय वाढताना पंजाही वाढतो. गिटारमध्ये नेहमीच्या क्लासिकल गिटारच्या तारेची वाजणारी लांबी ६५० मिलिमीटर असते. मुलांसाठी तीन-चतुर्थांश आकाराच्या गिटार मिळतात, त्यांत ती साधारण ५८० मिलिमीटर असते. पूर्ण आकाराच्या गिटारवरही पडदे, म्हणजे फ्रेट, सारख्या अंतरावर नसतात. पहिल्या घराची रुंदी सुमारे साडेछत्तीस मिलिमीटर, तर पाचव्या घराची सुमारे २९. म्हणून अवघड कॉर्डचा सराव आधी पाचव्या घरापाशी करावा आणि बोटांना ठेवण समजली की एकेक घर खाली यावे. तिथे कापो लावला, तर उघड्या तारांचे कॉर्डही कमी ताणात बसतात. अंगठा मानेच्या मागे मध्यावर ठेवावा, वरून बाहेर काढू नये. गिटारची मान थोडी वर उचलावी, म्हणजे मनगट वाकत नाही.

लवचीकता वाढवायची तर आधी हात गरम हवेत. थंडीत कोमट पाण्यात दोन मिनिटे हात बुडवले तरी चालते. बोटे त्यांच्याच स्नायूंनी फाकवावीत, पंधरा-वीस सेकंद धरावीत, सोडावीत. दुसऱ्या हाताने किंवा टेबलाच्या कडेने रेटू नयेत. वीस-पंचवीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवून खांदे आणि मान मोकळी करावी. मोठी बासरी वाजवताना मान डावीकडे वळलेली आणि उजवा हात लांब गेलेला असतो. त्यामुळे पुष्कळदा बोटांच्या तक्रारीचे मूळ मानेत आणि खांद्यात सापडते. काही मुलांची बोटे मुळातच फार मागे वाकतात. त्यांना ताण देण्याचे नव्हे, बळकटीचे व्यायाम लागतात.

थकवा विश्रांतीने जातो. वेदना दुसऱ्या दिवशीही राहिली, करंगळी आणि अनामिकेत किंवा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊ लागल्या, बोट मिटताना अडकून टकदिशी सुटू लागले, किंवा दुखत नसतानाही फक्त वाजवताना एखादे बोट आपोआप वळू लागले, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही अस्थिरोग आणि भौतिकोपचार विभाग आहेत. जाताना आपले वाद्य बरोबर न्यावे आणि वाजवून दाखवावे. हाताची तक्रार बहुतेक वेळा हात वाद्यावर असतानाच नीट दिसते.